मक्षिकास्थाने मक्षिका



निवृत्त फौजी मंचावर आला की लोकांना वाटतं, आता शिस्त, नेतृत्व आणि सीमेवरचे किस्से ऐकायला मिळणार. आज त्यातलं काही नाही. आज मी माश्यांबद्दल बोलणार आहे.

माझ्या हातात ही एक चौकट आहे, पोस्टकार्डाएवढी. आत एकच वस्तू आहे, करंगळीच्या पेराएवढी. मागच्या रांगेतल्यांना काही दिसणार नाही, पण कॅमेरा जवळ येईल. एक लोखंडी आकडा आहे. त्याच्यावर मागे लाल आणि पुढे काळ्या तंतूंचं अंग, त्याला रुपेरी तारेचे वेढे, वर काळ्या पिसाचे पंख. एका बाजूला डोळ्यासारखी एक पिवळसर टिकली आहे. दुसऱ्या बाजूला ती नाही. ती का नाही आणि मी ती का बसवली नाही, एवढंच आज सांगायचं आहे.

इंग्रजीत याला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात. ते खरं आमिष. ही माशी मात्र निव्वळ फसवणूक आहे. पाण्यावर पडलेला किडा किंवा पाण्यात पोहणारं पिल्लू वाटावं म्हणून आकड्यावर पिसं आणि धागे बांधायचे, आणि माशाला चकवायचं. ही युक्ती जुनी आहे. एलियन नावाच्या रोमन लेखकानं सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर गुंडाळतात, कोंबड्याची दोन पिसं लावतात आणि नदीतले ठिपकेदार मासे पकडतात. कृती आजही जवळपास तीच आहे.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये या माश्यांची कला झाली, आणि एकोणिसाव्या शतकात तिचं वेड झालं. विशेषतः सॅमन माशासाठी बांधलेल्या माश्यांचं. गंमत अशी की सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरतो, तेव्हा तो जवळजवळ काही खातच नाही. माशीवर झडप घालतो ती भुकेनं नव्हे. त्यामुळे माशी कुठल्या किड्यासारखी दिसली पाहिजे हे बंधन उरलं नाही, आणि बांधणाऱ्यांनी कल्पना मोकळी सोडली. जॉर्ज केल्सन या गृहस्थानं १८९५ मध्ये या माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एकेका माशीला कुठलं पीस कुठे लावायचं याचे नियम आहेत, एखाद्या कर्मठ पूजेच्या विधीसारखे.

‘जॉक स्कॉट’ नावाची एक प्रसिद्ध माशी आहे. तिच्या शेपटीला चीनमधल्या सोनेरी फेजंटचा तुरा लागतो. अंगावर आफ्रिकेतल्या शहामृगाचे तंतू आणि दक्षिण अमेरिकेतल्या टूकनची पिवळी पिसं. गळ्याशी गिनी फाउल. पंखात मोर, टर्की, बदक, आणि आपला तणमोरसुद्धा. आणखी एक लाल पीस लागतं, त्याला ‘इंडियन क्रो’ म्हणतात. मी मोठ्या अभिमानानं आपला कावळा शोधायला गेलो, तर तो पक्षी भारतातलाही नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला निघाला.

एक पीस मात्र शंभर टक्के आपलं आहे, आणि या चौकटीतली ती पिवळी टिकली म्हणजे तेच. इंग्रज त्याला जंगल कॉक म्हणतात. आपला राखी रानकोंबडा. सह्याद्रीत, निलगिरीत, सातपुड्यात, थेट अबूच्या डोंगरापर्यंत हा सापडतो. महाबळेश्वर किंवा कोयनेकडे पहाटे गेलात तर दिसणार नाही, पण आरवणं ऐकू येईल. गावठी कोंबड्यापेक्षा तुटक आणि आखूड. या कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला लाखेचा थेंब वाळावा तशी चकचकीत, कडक टिकली असते. माशीच्या गालाशी ती लावली की लहान माशाचा डोळा वाटते. या टिकलीसाठी आपल्याकडच्या असंख्य रानकोंबड्यांच्या माना बोटीत बसून विलायतेला गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा पक्षी मारणं, त्याची पिसं विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही विचाराल, पायदळातल्या मराठी माणसाचा या सगळ्याशी काय संबंध?

संबंध काश्मीरचा. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ट्राउट माशाची अंडी बोटीनं, बर्फात जपून आपल्या देशात आणली आणि काश्मीरच्या नद्यांत ट्राउट वाढवला. तिथे ट्राउट पकडायला परवाना लागतो, आणि नदीचा ठरावीक पट्टा वाटून मिळतो. १९८५ साली मी तरुण कॅप्टन होतो. आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, कुमाऊंकडचे. रविवारी सुट्टी मिळाली की ते लिद्दर नदीवर जायचे आणि बरोबर एका बिचाऱ्याला न्यायचे. तो बिचारा म्हणजे मी. घाटावरच्या शेतकरी घरातला मुलगा. गुडघाभर बर्फाळ पाण्यात उभं राहून पिसाचा किडा फेकायचा आणि मासा आला तर बहुधा परत सोडायचा, हे मला वेडेपणाचं वाटायचं. दुसऱ्या वर्षी मीच सुट्टीची वाट बघायला लागलो.

साहेबांकडे ॲल्युमिनियमचा एक डबा होता. आत छोटे छोटे खण, प्रत्येक खणाला स्वतःचं झाकण. त्यात त्रेचाळीस माश्या. काही त्यांच्या वरिष्ठांनी दिलेल्या, काही श्रीनगरच्या कारागिरांनी बांधलेल्या, काही साहेबांनी स्वतः मेसच्या टेबलावर बसून बांधलेल्या. त्यात एक माशी होती, जिचा आकडा उघडला होता. म्हणजे वळणाच्या जागी ताणून जवळपास सरळ झाला होता. दर पार्टीत तिची गोष्ट निघायची. १९७६ साली लिद्दरवर एक ट्राउट लागला. साहेब म्हणायचे, एवढा मोठा. दरवर्षी तो थोडा वाढायचा. पंधरा मिनिटं झुंज झाली, मासा आकडा सरळ करून निघून गेला आणि माशी दोरीला लटकत परत आली. कुणी हसलं की साहेब डबा उघडून तो आकडा पुढे धरायचे. म्हणायचे, पुरावा बघा.

१९९० नंतर त्या खोऱ्यात मी पुन्हा गेलो, पण गळ घेऊन नाही. त्याबद्दल आज बोलत नाही.

मी २०१३ ला निवृत्त झालो. पुढच्या वर्षी साहेब गेले. ते पुण्यातच स्थायिक झाले होते. काही महिन्यांनी मॅडमनी मला बोलावलं आणि तो डबा हातात दिला. म्हणाल्या, नातवाला द्यायचा आहे, जरा नीटनेटका करून दे. तुला यातलं कळतं.

मला यातलं काही कळत नव्हतं. पण फौजीला ‘नीटनेटका कर’ म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे कुणी मोठा अधिकारी तपासणीला येणार म्हटलं की झाडांच्या खोडांना गेरू आणि चुना लागतो. दगडांनासुद्धा. मी तेच केलं.

आकडे गंजले होते. मी हार्डवेअरच्या दुकानातून गंज काढायचं द्रावण आणलं आणि माश्या त्यात बुडवल्या. गंज गेला. त्याबरोबर आकड्यांवरचा मूळचा काळा मुलामाही गेला, आणि द्रावण धाग्यांत झिरपून रंग एकमेकांत उतरले. काही जुन्या माश्यांना पिवळट, कडक दोरीचे तुकडे होते, हात लावला की तुटायचे. घाण दिसते म्हणून मी ते कापून टाकले. पिसं चुरगळली होती, ती कात्रीनं सारखी केली. आणि तो उघडा आकडा? तो मला सदोष वाटला. मी पकड घेतली आणि तो हळूहळू वाकवून पुन्हा छान गोल केला. मला स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं, एवढं सांगतो.

एकोणीस माश्या अशा ‘नीट’ केल्यावर मी मॅडमना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावला. एकेक खण उघडून बघत गेल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग म्हणाल्या, “वो खुला हुआ काँटा कहाँ गया?”

मी त्या माशीवर बोट ठेवलं. म्हटलं, मॅडम, हीच ती. मी दुरुस्त केली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा बंद केला आणि चहा आणायला आत गेल्या. चहा यायला फार वेळ लागला.

आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. एका कारकुनाला एक हस्तलिखित जसंच्या तसं नकलून काढायला सांगितलं. मूळ पानावर एके ठिकाणी मेलेली माशी चिकटली होती. त्यानं एक माशी पकडली, मारली आणि नकलेत त्याच जागी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. आपण त्या कारकुनाला हसतो. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, तो माझ्यापेक्षा शहाणा. त्यानं निदान मूळ पानावरच्या माशीला हात लावला नव्हता.

माझी माशी शिंकली ती इथे. मी जे डाग म्हणून पुसले, ती त्या वस्तूची सर्व्हिस बुक होती. त्या पिवळट दोरीचंच बघा. नंतर मला कळलं की ती रेशीमकिड्याची तात. किडा कोश विणायच्या बेतात असताना त्याला व्हिनेगरमध्ये भिजवून त्याच्या पोटातल्या रेशमाच्या ग्रंथी ओढून हा धागा काढत. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि तात गेली. म्हणजे ज्या माशीला तात आहे, ती बहुधा नायलॉनच्या आधीची. ते तुकडे त्या माश्यांचे जन्मदाखले होते, आणि मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मी संग्रहालयशास्त्र शिकलेलो नाही. साधा पदवीधर माणूस. पण त्यानंतर मी वाचायला लागलो, पिसं आणि कापड सांभाळणाऱ्या जाणत्या लोकांना विचारायला लागलो, आणि उरलेल्या चोवीस माश्यांना वर्षभर हात लावला नाही. आज जे करतो ते थोडक्यात सांगतो. तुमच्या घरात माश्या नसतील. पण आजीची पैठणी असेल, आजोबांचा फेटा असेल, लोकरीची जुनी शाल असेल. बरंचसं तिथेही लागू पडेल.

पहिलं काम, काहीही न करणं. दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, शेजारी पट्टी ठेवून. काय आहे, काय तुटलंय, काय नाही, हे लिहून काढायचं. फौजेत रेकी केल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी बत्तीस वर्षं हे इतरांना शिकवलं आणि डबा हातात आल्यावर विसरलो.

दुसरं, कसर. पिसं आणि लोकर हे कसरीचं आणि पिसं खाणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्यांचं जेवण आहे. डांबरगोळ्यांचा वास त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त लागतो. संग्रहालयांत वस्तू गोठवतात. मी माश्या हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतो, बाहेर काढून दोन दिवस ठेवतो आणि पुन्हा दोन आठवडे गोठवतो. मधल्या दिवसांत उरलेली अंडी उबतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं आणि आकडा गंजतो. आमच्या घरी मटारशेजारी माश्यांची पिशवी असते. पत्नीनं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘खायचं नाही’.

तिसरं, हातमोजे आणि मास्क. जुन्या काळी पक्ष्यांची कातडी टिकवायला आर्सेनिक, म्हणजे सोमल लावत. तो पिसांवर शंभर वर्षांनंतरही असू शकतो. धागा तोंडात धरायची शिंप्यासारखी सवय असेल तर ती इथे सोडायची.

मग धूळ. चित्रकाराचा सर्वांत बारीक, मऊ ब्रश घ्यायचा आणि पिसाच्या तंतूंच्या दिशेनं फिरवायचा, उलट कधीच नाही. चुरगळलेल्या पिसावर कात्री नाही. पिसाच्या तंतूंना अतिसूक्ष्म आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकून पीस सपाट राहतं. पक्षी चोचीनं पिसं नीट करतो, तो हेच आकडे पुन्हा अडकवत असतो. चिमट्यात माशी धरून किटलीच्या वाफेत लांबून दोन-तीन सेकंद फक्त पंख दाखवायचा, की पीस आपोआप उलगडतं. चाळीस वर्षं मुडपलेला पंख डोळ्यांसमोर उघडतो, तेव्हा आजही माझा श्वास अडकतो. पण वाफ आकड्याला आणि तातेला लागू द्यायची नाही.

गंजाला द्रव काहीही नाही. सुटलेली भुकटी तेवढी बांबूच्या काडीनं अलगद काढायची आणि थांबायचं. धाग्याचं टोक सुटलं असेल तर गव्हाच्या सत्त्वाची अगदी पातळ खळ लावायची, कारण ती उद्या पाण्यानं सोडवता येते. एकच नियम सगळीकडे: मी केलेलं काम उद्या कुणाला तरी उलटवता आलं पाहिजे. आकडा मी उलटवू शकत नाही. पोलाद दुसऱ्यांदा उघडायला गेलो तर मोडेल.

आता त्या टिकलीकडे येतो.

साहेबांच्या त्या माशीच्या एका गालावर रानकोंबड्याची टिकली नव्हती. कारकुनाच्या बुद्धीनं विचार केला तर काम सोपं आहे. जिथे टिकली नाही तिथे टिकली. बरोबर तशाच पिसाची. तोवर माझ्या या नादाची चार ठिकाणी चर्चा झाली होती. एकदा सह्याद्रीत एका मित्राच्या फार्महाउसवर राहिलो असताना सकाळी एक माणूस आला. कागदात गुंडाळलेली वस्तू त्यानं टेबलावर उलगडली. राखी रानकोंबड्याची अख्खी मान. ताजी. शे-दोनशे टिकल्या उन्हात चमकत होत्या. किंमतही फार नव्हती. म्हणाला, साहेब, तुम्हाला लागतं असं ऐकलं.

त्याच पहाटे मी ओढ्याच्या पलीकडून आरवणं ऐकलं होतं. तोच पक्षी असेल असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणी मला तेच वाटलं.

मी त्याला नको म्हटलं. पुन्हा आणलंस तर वनखात्याला कळवीन, असंही म्हटलं. मोह झाला नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. बोटं पुढे गेली होती. एका माशीला एक टिकली लागते, आणि ती मान कापलीच होती, पक्षी काही परत येणार नव्हता. मोह असाच युक्तिवाद करतो.

या युक्तिवादाचं टोक कुठे जातं ते जगानं पाहिलंय. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या पक्षिसंग्रहातून एका तरुणानं २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. हा मुलगा लंडनमध्ये बासरी शिकत होता आणि जुन्या पद्धतीच्या सॅमन माश्या बांधण्यात अत्यंत निपुण होता. पिसं हवीत म्हणून चोरी. त्यातले काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञानं १८५० च्या दशकात आग्नेय आशियातल्या बेटांवर हाल सोसून गोळा केले होते. चोर पकडला गेला. १७४ पक्षी धड अवस्थेत परत मिळाले, पण त्यातल्या फक्त १०२ पक्ष्यांना त्यांच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. पायाला बांधलेली ती छोटी चिठ्ठी, कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी गोळा केला. चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं उरतं ते सुंदर पिसांचं गाठोडं.

हे वाचलं तेव्हा मला स्वतःची पकड आणि कात्री आठवली. त्यानं चोरी केली, मी प्रेमानं केलं. चिठ्ठ्या दोघांनीही फाडल्या.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी फार आधी यायला हवी होती. ती टिकली गेली कुठे? कसरीनं खाल्ली असती तर शेजारचं काळं पीसही खाल्लेलं दिसलं असतं. ते शाबूत आहे. कदाचित १९७६ साली त्या ट्राउटनंच ती नेली. आकडा उघडला तेव्हाच दातात धरून. मी नक्की सांगू शकत नाही. पण आकड्याचा पुरावा मी नष्ट केल्यावर त्या झुंजीची एवढीच खूण उरली असेल, तर तिच्यावर नवी टिकली बसवणारा मी कोण? म्हणून ती जागा रिकामी आहे.

आता मांडणीबद्दल थोडं, कारण जपलेली वस्तू कुणी बघणार नसेल तर उपयोग काय? अमेरिकेत मेरी ऑर्विस मार्बरी नावाच्या बाईंनी १८९२ मध्ये माश्यांवर पुस्तक केलं. त्यात त्यांनी चित्रांबरोबर मच्छीमारांची पत्रं छापली, ही माशी कुठल्या नदीवर चालते, कुणी बांधली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या माश्यांचे तक्ते लागले होते, ते आज व्हरमाँटमधल्या फ्लाय फिशिंगच्या संग्रहालयात आहेत. माशीसोबत तिची हकीकत, हे त्या बाईंना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

मी चौकट खोल करतो, काच पिसाला टेकत नाही. मागचा पुठ्ठा आम्लविरहित. लोकरीचं कापड नाही, ते ओल धरतं आणि कसरीला आमंत्रण देतं. डिंक नाही, टाचणी नाही. पुठ्ठ्याला दोन बारीक भोकं पाडून आकड्याच्या वळणावरून एक धागा घेतो, एवढ्यावर माशी उभी राहते. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी मागच्या कप्प्यात. आणि उजेड कमी. पिसांसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, भर दुपारचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. त्यामुळे खिडकीसमोरची भिंत कितीही मोक्याची असली तरी तिथे चौकट लागत नाही. तीन महिने भिंतीवर, नऊ महिने कपाटात अंधारात. उडालेला रंग परत येत नाही.

शेवटी चिठ्ठी. प्रत्येक चौकटीमागे मी हातानं लिहितो: काय आहे, कुणाचं होतं, काय नाही, आणि मी काय केलं. या चौकटीमागे काय आहे ते वाचून दाखवतो.

‘वॉटसन्स फॅन्सी. ट्राउटची माशी. लिद्दर, १९७६. मोठ्या माशानं आकडा उघडला होता. डाव्या गालावरची टिकली तेव्हापासून नसावी. २०१४ मध्ये मी अज्ञानानं आकडा पुन्हा वाकवला आणि गंज द्रावणानं काढला. चूक माझी. टिकली मुद्दाम बसवलेली नाही.’ खाली माझी सही.

बिघडवलेल्या एकोणीस माश्याही मी लपवल्या नाहीत. त्यांच्या चौकटींमागेही अशाच चिठ्ठ्या आहेत. उरलेल्या चोवीस माश्या साहेबांनी ठेवल्या होत्या तशाच डब्यात आहेत, गंजासकट, तातेसकट. फक्त गोठवून, धूळ झटकून.

गेल्या वर्षी मी ही चौकट घेऊन मॅडमकडे गेलो. आता त्यांना नीट दिसत नाही. नातू घरी होता, कॉलेजात जातो. त्यानं चौकट उलटी केली आणि आजीला चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. ‘चूक माझी’पर्यंत आला तेव्हा मी खाली बघत होतो. त्यानं मला विचारलं, “अंकल, मासा खरंच एवढा मोठा होता?”

माझ्याआधी मॅडमच बोलल्या. दोन्ही हात हवेत धरून त्यांनी त्याला माप दाखवलं. साहेब दाखवायचे त्यापेक्षा ते थोडं मोठंच होतं.

ही चौकट आज मी त्या मुलाकडून मागून आणली आहे. उद्या परत द्यायची आहे.